गाडीचं तोंड रस्त्याकडे

आमच्या घराला गॅरेज आहे असं सांगताना माझं मलाच हसू येतं. घराची भिंत आणि शेजाऱ्यांचं कंपाउंड यांच्यामध्ये जी फट उरली तिच्यावर टिनाचे पत्रे टाकले, पुढं दोन पल्ल्यांचं लोखंडी दार लावलं, झालं गॅरेज. वरठीला आमच्या गल्लीत बहुतेक घरांचं असंच आहे. आत शिरलं की डावीकडं कूलर. पावसाळा लागला की तो खिडकीतून निघतो आणि होळीनंतरच पुन्हा खिडकीला जातो, तोवर त्याचा मुक्काम गॅरेजात. उजवीकडची भिंत मोकळी. कूलर आणि भिंत यांच्यामध्ये एक मोटरसायकल मावते, बाजूला एक माणूस अंग चोरून उभा राहू शकतो. रस्त्यावरून आत चढायला सिमेंटचा उतार आहे. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून मिस्त्रीनं तो इतका खडा केला की गाडी ढकलताना देव आठवतो.

मोटरसायकल माझ्या नवऱ्याची. ते इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. काचबिंदूनं डोळे गेले, हळूहळू, कडेकडेनं. त्यांना कळलं नाही आणि मलाही कळलं नाही. मी उपकेंद्रात नर्स आहे. साखर तपासा, बीपी तपासा, वेळेत डोळे दाखवा, असं गावोगाव सांगत फिरणारी बाई. गल्लीत कुणीतरी 'दिव्याखाली अंधार' म्हटल्याचं माझ्या कानावर आलं तेव्हा मी तणतणत दारापर्यंत गेले होते, भांडायला. मग परत फिरले. कोणत्या तोंडानं भांडणार?

नोकरी सुटली तरी गाडी विकायची नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं. मग मीच शिकले. स्कूटी घ्या, बायामाणसांना ती बरी, असं सगळ्यांनी सुचवून पाहिलं. पण मला एखादी गोष्ट सगळ्यांनी सुचवली की माझं उलटंच होतं. तेव्हा नवऱ्याला समोरचं थोडं दिसत होतं. स्टेशनामागच्या मोकळ्या रस्त्यावर ते मागच्या सीटवर बसायचे आणि मी क्लच सोडताना गाडी बंद पाडली की काहीच न बोलता थांबायचे. त्यांच्या त्या गप्प राहण्यानंच मी शिकले असं मला वाटतं. मी स्वतः कुणाला शिकवायला बसले असते तर पहिल्या दिवशीच हाकलून दिलं असतं.

रस्त्यावर गाडी माझी आणि घराशी आली की त्यांची, असं मग आपोआपच ठरून गेलं. संध्याकाळी पिठाच्या चक्कीपाशी मी वळले की त्यांना आवाज कळे. त्याच वेळेला कारखान्यातून सुटलेल्या कितीतरी गाड्या गल्लीत शिरत असतात, तिकडून स्टेशनावर मालगाडीचा भोंगा चालू असतो, पण आमचं इंजिन ते हटकून ओळखत. मी फाटकाशी पोचेपर्यंत ते उतारापाशी आलेले असत. मी उतरायची, गाडी न्यूट्रल करायची आणि हँडल त्यांच्या हातात द्यायची.

ते गाडी रस्त्यावरच फिरवून घेत. कंबर सीटला टेकवत, एकदा पुढं, एकदा मागं असा झोका देत आणि त्या झोक्यातच मागचं चाक उतारावर चढवत. मग डावा खांदा मोकळ्या भिंतीला घासत घासत उलटं आत. कूलरला गाडी लागायची नाही. शेवटी डबल स्टँडवर पाय दिला की 'खाड' असा आवाज येई आणि ते हात झटकत बाहेर येत. गाडी उलटीच लावायची हा त्यांचा नेम. सरळ आत घालणं सोपं आहे, मग एवढा खटाटोप कशाला, असं मी सुरुवातीला विचारलं होतं.

"तुझा फोन कधी वाजन, भरोसा नाही," ते म्हणाले होते. "कोनाची डिलिवरी निघाली त तू गाडी फिरवत बसशीन का? गाडीचं तोंड रस्त्याकडंच पायजे."

दिवसभर ते रेडिओ ऐकत, दाराशी बसत, मी निवडून ठेवलेले तांदूळ पुन्हा एकदा बोटांनी निवडत. दुसऱ्या कुणापेक्षाही त्यांना चांगलं जमेल असं हे एकच काम त्यांच्या हातात उरलं होतं. हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असूनही मी ते काढून घेतलं, म्हणून तर लाज वाटते.

हिवाळ्यात समोरच्या घरापुढं शेकोटी पेटते. समोरचे काका त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. ते, काकू, आणि गल्लीतले आणखी पाच-सहा जण हात शेकत बसलेले असतात. आमची गाडी आत जायला लागली की तिकडच्या गप्पा थांबत आणि सगळ्या माना आमच्याकडं वळत. दंडारीचा खेळ बघायला बसल्यासारखे बसतात मेले, असं मी मनात म्हणायची. नवऱ्याला हे दिसत नाही तेच बरं, असंही म्हणायची. मी आपली फाटकाशी पर्स सावरत, कधी चपलेचा पट्टा नीट करत उभी राहायची आणि एकदाचा तो 'खाड' आवाज कधी येतो याची वाट पाहायची.

मग तो व्हिडिओ आला.

आरोग्य केंद्रात आमची महिन्याची मीटिंग होती. चहाच्या वेळी शेजारच्या केंद्रातल्या एका सिस्टरनं मोबाईल माझ्यापुढं धरला. कुणीतरी जाता-येता काढलेला व्हिडिओ. एक आंधळा माणूस मोटरसायकल उलटी ढकलत अरुंद बोळीत नेतो आहे. खाली हात जोडल्याची चित्रं आणि 'जिद्द असावी तर अशी' असं काहीबाही लिहिलेलं. चित्राच्या कडेला माझा कोपर दिसत होता आणि माझी निळी पर्स. तीच पर्स त्या वेळी माझ्या मांडीवर होती.

"बिचारा," ती सिस्टर म्हणाली. "पण घरचे तरी काहून करू देत असतीन?"

मी म्हटलं, "हो ना."

एवढंच. आणि चहा प्यायले. हा माझा नवरा आहे, आणि त्या पत्र्याखाली एकदा तू तुझी गाडी लावून दाखव, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. एरवी मी डॉक्टरसाहेबांनाही उलट उत्तर देते. पण त्या 'बिचारा'पुढं मी गारठले. मला त्या बिचाऱ्याच्या घरची व्हायचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी चक्कीपाशी वळताना मी चावी बंद केली. गाडी हळूहळू थांबली. मी उतरले आणि ढकलत निघाले. आमच्या दारात आतून रेडिओवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. दार अलगद उघडलं, सगळा जोर लावून उतार चढवला, गाडी सरळ तोंड करून आत घातली आणि साध्या स्टँडवर उभी केली. नवऱ्यानं विचारलं, आज आवाज नाही आला गाडीचा? मी म्हटलं, पेट्रोल संपलं चक्कीपाशी. दुसऱ्या दिवशी काहीतरी दुसरं सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. पत्र्याखाली गरम सायलेन्सर थंड होताना टिकटिक वाजत असतो. आमच्या बैठकीच्या भिंतीला कान लावला नाही तरी तो ऐकू येतो. मी मुद्दाम भांड्यांचा आवाज जास्त करायची.

आता यात खरी गोष्ट सांगायची ती सकाळची. पहिल्याच सकाळी मी ड्यूटीला निघाले, गॅरेजचं दार उघडलं, आणि गाडीचं तोंड रस्त्याकडं.

मी तशीच उभी राहिले. आत घालताना मी तोंड आत करून घातली होती, यात शंका नव्हती. त्या जागेत गाडी आतल्या आत फिरत नाही. म्हणजे कुणीतरी ती उतारावरून बाहेर काढली होती, रस्त्यावर फिरवली होती आणि उलटी आत घेतली होती. डबल स्टँडवर, कूलरला न लावता. दारातल्या त्यांच्या चपला दवानं ओल्या होत्या आणि त्यांना रस्त्यावरची माती लागली होती. आत ते खाटेवर बसून चहा पीत होते. पहाटेच्या काळोखाचं त्यांना काय? गल्ली झोपेत असताना ते काम उरकून आले होते.

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि आज डबा घेतला का, एवढं विचारलं.

त्यांना सगळं कळलं होतं. मला लोकांसमोर नको वाटतं हे कळलं होतं, म्हणून त्यांनी ते लोक उठायच्या आधी करायला घेतलं. तिथंच मी बोलायला हवं होतं. पण मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. गाडी ते लावतात, कुणी पाहत नाही, त्यांचंही मन राहतं, माझीही अब्रू राहते. साप मरतो आणि काठीही तुटत नाही. अशी मी स्वतःची समजूत घातली आणि रोज संध्याकाळी गाडी सरळ आत घालत राहिले, रोज सकाळी ती उलटी मिळत राहिली. आम्ही दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो.

धान निघालं तसा पवनीकडच्या गावाहून दीर आमच्या वाट्याचे कट्टे घेऊन आले. दरवर्षी हे धानाचे कट्टे मधल्या खोलीत रचतात. पण यंदा मधल्या खोलीला नुकताच रंग दिला होता आणि भिंतींना पोती टेकवायला माझा जीव होईना. टेम्पोवाल्याची घाई चाललेली. मी म्हटलं, गॅरेजात टाका. त्यांनी उजव्या मोकळ्या भिंतीला लागून सगळे कट्टे रचले आणि चहाही अर्धा टाकून निघून गेले. नवरा त्या वेळी समोरच्या काकांबरोबर केस कापायला गेला होता. आल्यावर मी ओंजळभर नवं धान त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, एक दाणा दातांखाली फोडून पाहिला, यंदा चांगलं वाळवलं म्हणाले. कट्टे कुठं ठेवले ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गॅरेजात आता गाडीला जागा नव्हती, म्हणून ती त्या रात्री मी फाटकाच्या आत भिंतीशी उभी करून ठेवली आणि झोपले. गाडी लावायचं काम आता माझं आहे, असं मी इतकं घोकलं होतं की पहाटे उठून ती कोण लावतं हे मला आठवलंच नाही.

पहाटे आवाज आला तो आधी लोखंडाचा आणि मग कसलातरी सरसर, जणू कुणी सुपानं पाखडतं आहे.

धावत गेले. गाडी आडवी, तिच्याखाली त्यांचा पाय, आणि कडेचा एक कट्टा फाटून धान त्यांच्या छातीवर, मानेवर सांडत होतं. गाडी फाटकाशीच हाताला लागली म्हणून आधी आत न शिरता ते ती तशीच उलटी नेत होते. भिंत म्हणून त्यांनी खांदा टेकवला होता तिथं कट्टे होते, आणि वरचा कट्टा सरकला होता. ते ओरडले नव्हते. एका हातानं ते धान चाचपत होते, हे इथं काय आलं ते कळावं म्हणून.

माझ्या ओरडण्यानं गल्ली जागी झाली. काका आणि शेजारचे दोघं आले, त्यांनी गाडी उचलली. काकूंनी अंगावरची शाल त्यांना पांघरली आणि माझ्याकडं वळून विचारलं, "सिस्टर, येवढ्या पहाटे यायले गाडी काढाले काहून लावलं?"

बस, मी फुटले. तुम्हीच सगळे रोज तोंडं वासून बघत बसता, तमाशा लावल्यासारखे, म्हणून ही वेळ आली, असं मी त्या थंडीत सगळ्या गल्लीला सुनावलं. आणखीही बरंच बोलले. नवऱ्यानं फक्त माझा पदर चाचपून धरला आणि दोनदा ओढला. लहान पोराला गप्प करावं तसा.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांना एक्स-रेला आत नेलं तेव्हा मी आणि काका बाहेर बाकावर बसलो होतो. काका ऑटोत आमच्याबरोबरच आले होते. मग खाली बघत म्हणाले, "आमी पायत नाही बसत, बाई. तोच आमाले पाहाले लावते."

मला काही कळेना.

"तू आत गेली का तो रोज हाक मारते. काका, कशी लागली? मंग मी उठून पायतो. बोटभर इकडं गेली, नाही त बराबर आहे, जे असन ते सांगतो. खोटं बोललेलं त्याले चालत नाही." ते पुढं म्हणाले, "आता इतक्या दिवसांपासून विचारते, का काका, बायको गाडी बंद करून ढकलत आनते का? मी म्हनतो, पेट्रोल संपलं असन."

मी बाकाच्या कडा धरल्या. तोवर माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं. चक्कीपासून घरापर्यंत बंद गाडी ढकलत, धापा टाकत, दाराची कडी आवाज न करता काढत मी रोज त्या शेकोटीसमोरून जात होते. शेकोटीपाशी बसलेल्या सगळ्यांना डोळे होते. ज्याला दिसत नव्हतं त्या एकट्यापासून लपवायच्या नादात मी अख्ख्या गल्लीच्या देखत नाटक करत होते. पहिल्या दिवशी गल्लीतल्यांना खरंच पेट्रोल संपलं वाटलं असेल. त्यानंतर त्यांनी ओळखलं असणार, आणि त्यांनी ते पोटात ठेवलं. ज्यांना मी मेले म्हणत होते ते माझ्यासाठी माझ्या नवऱ्याशी खोटं बोलत होते.

पायाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून दुपारी घरी आलो. तोवर गल्लीतल्यांनी कट्टे उचलून मधल्या खोलीत, माझ्या नव्या रंगाच्या भिंतींना नेऊन लावले होते आणि काकूंनी सांडलेलं धान झाडून, पाखडून डब्यात भरून ठेवलं होतं. त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. डबा घेतला आणि मान खाली घालून आत आले.

नवरा पाय उशीवर ठेवून पडला होता. सांडलेलं धान भरलं का, हे त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाले, "इंजिन काहून बंद करत होती?"

मी व्हिडिओचं सांगितलं. लोकांनी तुम्हाला बिचारा म्हटलेलं मला सोसलं नाही, असं सांगितलं. तेवढंच सांगितलं.

"तो काकांनी सांगतला मले," ते म्हणाले. "त्याच्यात बराबर लागली होती म्हने." आणि ते थोडे हसलेसुद्धा. मग तोंड भिंतीकडं करून म्हणाले, "दिवसभर मी घरात रायतो. तेवढीच एक घडी लोक मले पायतेत. पाहू द्याचं होतं ना."

मी त्यांच्या पायाखालची उशी सारखी केली, नीट होती तरी. आणि त्या चहाच्या वेळी मी 'हो ना' म्हटलं होतं ते त्यांना अजून सांगितलेलं नाही. रोज ओठांशी येतं आणि परत जातं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना चक्कीपाशी वळले तेव्हा हात सवयीनं चावीकडं गेला. मी तो मागं घेतला. इंजिन चालू ठेवून गल्लीत शिरले. शेकोटी पेटलेली होती. नवरा आमच्या दारात खुर्चीवर, प्लास्टरचा पाय स्टुलावर, आणि कान रस्त्याकडं. मी फाटकाशी थांबले, न्यूट्रल केली, उतरले. घ्यायला हात पुढं आला नाही, येणार नव्हताच.

"लाव," ते म्हणाले. "उलटी."

शेकोटीपाशी गप्पा थांबल्या. मी गाडी रस्त्यावर फिरवली. कंबर सीटला लावली, त्यांच्यासारखाच झोका द्यायला गेले आणि गाडी माझ्या अंगावर कलली. सावरली. दुसऱ्या झोक्याला चाक उतारावर चढलं आणि उतरलं. घाम फुटला. इतकी वर्षं मी फाटकाशी उभी राहून नुसता स्टँडच्या आवाजाची वाट पाहिली होती, हात कुठं धरतात, पाय कुठं रोवतात ते पाहिलंच नव्हतं. पाठीवर सगळ्यांची नजर मला कळत होती, आणि तोंड फिरवायला जागा नव्हती. कशीबशी आत नेली. आरसा कूलरला खरवडला. स्टँडवर दोनदा पाय निसटला, तिसऱ्यांदा 'खाड' वाजलं. मी हात झटकत बाहेर आले.

नवऱ्यानं मान वर करून हाक मारली, "काका, कशी लागली?"

काका उठून रस्ता ओलांडून आले. आत डोकावले. मग माझ्याकडं बघून घुटमळले. खोटं बोलायची त्यांना आता सवय झाली होती आणि मी मनातून त्यांची विनवणी करत होते, ते त्यांना दिसलं असणार.

"वाकडी आहे," काका म्हणाले.

"काढ," नवरा मला म्हणाला. "पुन्हा लाव."

मी आत गेले आणि गाडी स्टँडवरून उतरवून पुन्हा रस्त्यावर काढली.